छंदाचा रकाना

प्रवेशाच्या आणि नोकरीच्या अर्जांत एक रकाना असा असतो, की तो भरताना माणसाचा हात क्षणभर थांबतो. नाव, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव यांबाबत विचार करण्यासारखे काही नसते. जे आहे ते लिहावयाचे. परंतु 'आवडी व छंद' हे शब्द समोर आले, की जे आहे ते लिहावे, की जे असावयास हवे ते लिहावे, असा प्रश्न पडतो. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी हा रकाना केव्हा ना केव्हा भरलेला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी जो तपशीलवार अर्ज द्यावा लागतो त्यात तो आहे; आणि शहाजहान रोडवरील धोलपूर हाउसमध्ये २७५ गुणांची जी व्यक्तिमत्त्वचाचणी होते, तीत त्या रकान्यातील एखाद्या निरुपद्रवी शब्दाचा धागा पकडून परीक्षक उमेदवाराला कोठल्या कोठे नेतात, हे त्यातून गेलेल्यांना सांगावयास नको. एकूण २०२५ गुणांतले २७५ म्हणजे काही फार नव्हेत. पण यादीत असणे आणि यादीबाहेर राहणे यांतील अंतर पुष्कळदा त्याहून कितीतरी कमी असते.

साहजिकच या रकान्याचाही एक बाजार झाला आहे. कोणता छंद 'चालतो' आणि कोणता चालत नाही, याचा सल्ला देणारे लोक दिल्लीत पैशाला पासरी मिळतात. नुसते 'वाचन' लिहू नका, फार सामान्य वाटते. 'चित्रपट पाहणे' लिहू नका, हलके दिसते. गिर्यारोहण चांगले, पण मग शिखरांची उंची पाठ असू द्या. व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांत तर ही कला अधिकच पुढे गेली आहे. तेथे छंदातून नेतृत्व दिसावे लागते, संघभावना दिसावी लागते, चिकाटी दिसावी लागते. बासरी वाजवणारा मुलगा नुसता बासरी वाजवीत असून भागत नाही. त्याने बासरीवादनाचे एखादे मंडळ स्थापन करून त्याचे सचिवपद भूषविलेले बरे.

ज्यांनी हा रकाना प्रथम काढला त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आम्ही मान्य करतो. परीक्षेच्या गुणांपलीकडे माणूस असतो, तो कोठेतरी दिसावा, एवढीच त्यांची इच्छा असणार. पण बँक ऑफ इंग्लंडचे सल्लागार असलेले चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनपुरवठ्याच्या संदर्भात जे निरीक्षण मांडले, ते येथेही लागू पडते: एखाद्या मापाचा नियंत्रणासाठी उपयोग होऊ लागला, की ते माप विश्वासाचे राहत नाही. माणूस पाहण्यासाठी खिडकी उघडावी, आणि माणसाने त्या खिडकीतच दुकान मांडावे, असे काहीसे झाले आहे.

हा विषय आमच्या मनात घोळू लागण्यास कारण झाले ते आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबातील मतभेद. वडील केंद्र सरकारच्या सेवेत असून दिल्लीत त्यांची वीस वर्षे गेली आहेत. मुलगा गुरुग्रामच्या एका संस्थेत व्यवस्थापनशास्त्र शिकतो. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्याला एक लहानसा प्रबंध लिहावयाचा आहे, आणि त्याने घेतलेला विषय असा: कामाच्या प्रत्येक नगाला बक्षीस बांधून दिल्याने काम करणाऱ्याची उमेद वाढते की घटते? या विषयावरचे वाचन त्याने मन लावून केले आहे. पण त्याचे दुसरेही एक वाचन आहे, आणि त्याचा या पहिल्याशी काही संबंध नाही. तो मोडी वाचतो.

हे वेड त्याला कसे लागले, ते सांगण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत तालकटोऱ्याला अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संमेलनानंतर प्रथमच ते या शहरात येत होते. त्यामुळे दिल्लीकर मराठी मंडळींना घरचेच कार्य असल्यासारखे झाले होते. आईने आग्रहाने नेले म्हणून हा मुलगा गेला. भाषणांत त्याचे मन लागले नाही, आणि याबद्दल त्याला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. तो पुस्तकांच्या दालनात हिंडत राहिला आणि मोडीची एक बाराखडी घेऊन घरी आला. १७३७ साली बाजीरावाच्या फौजेचा तळ जेथे पडल्याचे सांगतात, त्याच जागी ही खरेदी झाली, याचे त्याच्या वडिलांना मोठे कौतुक. मुलाला ती गोष्ट पुढे कितीतरी दिवसांनी कळली.

मोडी ही शिकावयास सोपी आणि वाचावयास कठीण अशी लिपी आहे. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढावयाची आणि मग तिला अक्षरे लोंबकळत ठेवीत जावयाचे. लेखणी शक्यतो उचलावयाची नाही. ह्रस्व-दीर्घाचा भेद तीत नाही, विरामचिन्हे नाहीत, दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नाही. परिणामी शब्द लागावा तेव्हा अर्थ कळतो, आणि अर्थ कळावा तेव्हा शब्द लागतो, अशा पेचातून वाचणाऱ्याला वाट काढावी लागते. एकेका ओळीवर संध्याकाळ जाते. हा मुलगा मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरून रोज जातो-येतो. गर्दीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातातील फोनवर जुन्या कागदांची छायाचित्रे मोठी करून पाहत असतो. शेजारच्या प्रवाशाला तो मुलगा काय पाहतो आहे याचा पत्ता लागणे शक्य नाही. रविवारी तो आसफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये जातो. दर्यागंजच्या पदपथावरचा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ पासून तेथे हलला आहे. तेथे इंग्रजी कादंबऱ्यांच्या आणि स्पर्धापरीक्षांच्या ढिगांत मराठ्यांच्या इतिहासाची साधने सापडण्याचा संभव जवळजवळ नाही. पण तो जातो.

त्याला विशेष गोडी लागली ती दिल्लीहून गेलेल्या पत्रांची. अठराव्या शतकात हिंगणे घराण्यातील पुरुष पेशव्यांचे वकील म्हणून दिल्ली दरबारी राहत असत. नाशिककडचे हे ब्राह्मण कुटुंब. परप्रांतात, परभाषेच्या वातावरणात, बादशाही राजकारणाच्या चिखलात त्यांनी हयाती घालविल्या, आणि जे पाहिले-ऐकले ते पुण्याला कळविले. त्यांचे दप्तर प्रसिद्ध झालेले आहे. मूळ गावापासून दूर बदलीच्या जागी राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांचे हे आद्य पूर्वज म्हटले तरी चालेल, आणि ते वाचताना आमच्यासारख्यांना आपल्याच घरची पत्रे उघडल्यासारखे वाटले तर नवल नाही. आपल्या समजुतीप्रमाणे वडील ज्या शहरात उपरे आहेत, त्या शहरात आपल्या भाषेचे लोक तीनशे वर्षांपूर्वी सरकारी पत्रे लिहीत बसले होते, ही गोष्ट त्या मुलाच्या मनाला कोठेतरी भिडली असली पाहिजे.

आता मतभेदाचे कारण. नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या संस्थेत येण्याचा हंगाम जवळ आला आणि बायोडेटा तयार करण्याची वेळ आली. संशोधनपर वाचनाच्या सदराखाली मुलाने प्रबंधाविषयी लिहिले. छंदाच्या सदरात मात्र त्याने 'बॅडमिंटन' लिहिले. तो ते खेळतो, पण बेताचेच. वडिलांनी विचारले, मोडी का नाही? संस्थेतील एका वडीलधाऱ्या सल्लागारांनीही तेच विचारले. इतक्या अर्जांत मोडी वाचणारा हा एकटाच निघेल, मुलाखत घेणाऱ्यांच्या तो लक्षात राहील. मात्र नुसते 'मोडी वाचन' न लिहिता 'ऐतिहासिक माहितीचे विश्लेषण' असे काही लिहावे, ही त्यांची दुरुस्ती. मुलगा दोहोंनाही तयार होईना. वडिलांना ते लागले. तीन वर्षांनी ते निवृत्त होतील. शुल्कासाठी काढलेले कर्ज फिटावयाचे आहे. आणि मुलगा हातातले एक चांगले पान उगीच झाकून ठेवतो आहे, असे त्यांना दिसत होते. "अरे, चोरी का केली आहेस तू?" असे ते एकदा बोलून गेले.

मुलगा आमच्याकडे आला तो पाठिंब्यासाठी. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: "काका, मी आजवर जे जे केले ते कोणाला तरी दाखवण्यासाठी केले. मार्क, स्पर्धा, प्रमाणपत्रे, सगळे. हे एवढेच तसे नाही. ते त्या कागदावर लिहिले, की तेही तसेच होईल."

या म्हणण्याकडे तरुणपणाचा हट्ट म्हणून पाहणे सोपे आहे. आम्हांस ते तितके सोपे वाटले नाही. कारण त्यात एक जुना आणि खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे: जी गोष्ट स्वतःच्या मोलासाठी केली, तिचा लाभ घेतल्याने तिचे मोल उणे होते काय?

योगायोग असा, की या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका दुकानदाराचे आहे. इमॅन्युएल कांट याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरील छोट्या ग्रंथात तो दुकानदार येतो. अजाण गिऱ्हाइकालाही तो जास्त भाव सांगत नाही. लहान मूल आले तरी सर्वांना तोच भाव. सचोटी आहे खरी; पण ती सचोटीसाठी आहे, की पत टिकावी आणि धंदा चालावा म्हणून आहे? बाहेरून पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही, कारण दोन्ही हेतूंनी कृती एकच घडते. येथे कांटविषयी एक गैरसमज पुष्कळांचा असतो. लाभ झाला म्हणजे कृती भ्रष्ट झाली, असे तो म्हणत नाही. लाभ आणि कर्तव्य एकाच दिशेने चालले असता माणूस कशाच्या मागे चालला आहे हे समजत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. आमच्या मते मुलाची खरी भीती हीच होती. उद्या मोडीमुळे नोकरी मिळाली, तर परवा संध्याकाळी कागद उघडताना आपण तो का उघडतो आहोत हे आपले आपल्यालाच कळेनासे होईल, या भीतीने तो ती गोष्ट लपवू पाहत होता. जगाला फसविण्याचा त्याचा हेतू नव्हता. स्वतःविषयीचे एक ज्ञान त्याला सांभाळावयाचे होते.

त्याच्याजवळ पुरावाही होता, आणि तो त्याच्याच प्रबंधाच्या वाचनातून आलेला. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच हौस असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढाल तर सोनेरी शिक्का लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मुलांना मोकळे सोडून पाहिले, तेव्हा बक्षीस कबूल केलेल्या मुलांनी चित्रे काढण्यात इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालविला. जे खेळ होते ते काम झाले होते, आणि मजुरी बंद झाल्यावर कोण काम करतो? व्यवस्थापन शिकणाऱ्या तरुणाने दुसऱ्यांच्या कामगारांविषयी वाचावे आणि त्या वाचनात आपलेच चित्र दिसावे, यात आम्हांस काही विशेष शुभ वाटते. पुष्कळ जण आपले शास्त्र दुसऱ्यांनाच लावतात.

पण पुरावा वाचावयाचा तर तो पुरता वाचला पाहिजे. ज्या मुलांना प्रशस्तिपत्र अकल्पितपणे मिळाले, त्यांची हौस कमी झाली नाही. म्हणजे घात झाला तो बक्षिसाने नव्हे; बक्षिसावर डोळा ठेवून बसण्याने झाला. हे आम्ही त्याला दाखविले तेव्हा तो गप्प झाला. आकडे त्याला पाठ होते, पण हा भेद त्याने आपल्या प्रश्नाला लावून पाहिला नव्हता.

शिवाय या कथेची दुसरीही बाजू आहे. अलास्डेर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाच्या १९८१ सालच्या 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात एक मूल आहे. त्याला बुद्धिबळ शिकण्याची इच्छा नाही; खेळलास तर खाऊ, जिंकलास तर आणखी खाऊ, असे आमिष दाखवून त्याला पटाशी बसविलेले आहे. जोवर खाऊसाठी खेळतो तोवर संधी मिळताच लबाडी न करण्याचे त्याला कारण नाही. पण खेळता खेळता एक दिवस असा येऊ शकतो, की त्या खेळातच त्याला असे काही गवसते जे दुसरीकडे कोठेही मिळत नाही. मग लबाडी केली तर तो स्वतःलाच फसवील. खाऊने हौस मारली जाते हे खरे, आणि खाऊमधूनच हौस उगवते हेही खरे. कोणते केव्हा घडेल याचा नियम आम्हांस ठाऊक नाही. ज्यांनी घरात मुले वाढविली आहेत त्यांनी दोन्ही पाहिली असतील.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण येथे फार बोलके आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेला हा गणिती. संख्याशास्त्र शिकावयाचे तर हाताशी एखादा मूर्त प्रश्न हवा, म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी घेतली. नाण्यांची ओढ म्हणून नव्हे. नाणे बाजारात फिरते तसे झिजते, झिजते तसे वजनाने घटते. तेव्हा एकाच निधीत सापडलेली शेकडो नाणी अचूक तोलली, तर कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे गणिताने लावता येईल. कल्पना पडताळून पाहण्यासाठी त्यांनी चालू नाणीही हजारोंनी तोलली. एवढ्यावर काम भागले असते. पण ही नाणी पाडली कोणी, हा प्रश्न उठला. त्यासाठी प्राचीन ग्रंथ उघडावे लागले. त्यासाठी संस्कृत पक्के करावे लागले. आणि अखेर हा गणिती भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करून बसला, ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ आला. कोसंबींच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो, या प्रवासाचा आरंभ एका उपयुक्त सरावातून झाला, हे कोणास नाकारता येणार नाही. 'संशोधनपर वाचन' आणि 'वैयक्तिक आवडी' हे दोन रकाने त्यांना कोणी भरावयास दिले असते, तर नाण्यांचा तराजू त्यांनी कोणत्या रकान्यात ठेवला असता?

आपल्या परंपरेला तरी या बाबतीत इतका सोवळेपणा कधी वाटला? मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची सहा प्रयोजने सांगितली, त्यांत कीर्ती आणि धनप्राप्ती या दोन अगदी आरंभी येतात. तिसरे व्यवहाराचे ज्ञान. ते उच्चारताना त्याला संकोच वाटलेला दिसत नाही. कवी म्हणजे वाऱ्यावर जगणारा प्राणी नव्हे, हे तो जाणून होता. पण त्याच ठिकाणी तो आपल्या विवरणात असेही सांगून ठेवतो, की वाचताक्षणी लाभणारा परम आनंद हा या सर्व प्रयोजनांचा मुकुटमणी होय. यादीत तो पाचवा आहे, मानाने पहिला. आम्हांस ही मांडणी फार शहाणपणाची वाटते. तीत धनाला हाकून दिलेले नाही आणि त्याला पाटावरही बसविलेले नाही.

मोडीचेच घ्या. गेली कित्येक वर्षे ही लिपी काही अभ्यासकांखेरीज कोणाच्याही उपयोगाची उरली नव्हती. २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तेव्हाही ते एखाद्या निवृत्त गृहस्थाला शाल-श्रीफळ मिळावे तसेच वाटले. मग सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुनी दप्तरे जिल्ह्याजिल्ह्यांत उघडली जाऊ लागली. त्यांतली पुष्कळशी मोडीत. ज्यांनी केवळ आवडीपोटी हे वेड जोपासले होते, त्यांचे दार सरकार ठोठावू लागले. त्या नोंदींवर लोकांचे दाखले, मुलांचे प्रवेश, नोकऱ्या अवलंबून. आता या वाचकांनी काय करावे? उपयोग झाला म्हणून आपले प्रेम विटाळले, असे म्हणून कवाडे लावून घ्यावीत? उपयोग हा काही वेळा न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा असतो. त्याच्यासाठी आपण घर बांधलेले नसते, पण म्हणून त्याला उंबऱ्यावर उभे करण्याचेही कारण नसते.

आणि सर्वांत अवघड गोष्ट आम्ही त्या मुलापुढे शेवटी ठेवली. ज्या पत्रांवर तो लुब्ध आहे, ती लिहिली कोणी? पगारी माणसांनी. वकिलाने ती आपल्या धन्यास कामाचा भाग म्हणून धाडली. कारकुनाने पोटासाठी ती लिहून काढली. ते वळणदार अक्षर, ती लेखणी न उचलता धावणारी ओळ, हे सगळे घाईतल्या कचेरीतले कसब आहे. त्या लेखकांना छंदाचा रकाना कोणी दिला नव्हता. तरीही एखाद्या पत्रात, केवळ वृत्तांत कळविण्यास लागते त्याहून चांगले वाक्य येते, तेव्हा ते का आले? तेवढ्यासाठी कोणी जास्त वेतन दिले नसणार. कामाच्या पोटातच माणसाने आपल्या आनंदाची जागा करून घेतलेली असते. काम एका बाजूला आणि जीव दुसऱ्या बाजूला, अशी जी भिंत हा मुलगा बांधू पाहत होता, ती त्याच्या लाडक्या कागदांतच कोठे आढळत नाही.

आमच्या वाचकांना येथे चिंतामणराव देशमुखांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. केंब्रिजला निसर्गविज्ञाने, त्यांत वनस्पतिशास्त्र. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मग केंद्रीय अर्थमंत्रिपद, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्याचा त्याग. पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद. आणि या सगळ्या आकडेमोडीच्या आयुष्यात संस्कृत असे मुरलेले, की मेघदूताचा मराठी अनुवाद करावा आणि स्वतः संस्कृतात काव्यरचना करावी. संस्कृतचा रिझर्व्ह बँकेला काय उपयोग झाला, हे शोधत बसणे व्यर्थ आहे. पण त्यांनी ते लपविले नाही आणि मिरविलेही नाही. लोदी इस्टेटमधील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. एका अर्थी दिवसा कचेरीत बसणाऱ्यांनी संध्याकाळी माणसांत बसावे, यासाठीच ती जागा आहे. अर्थात देशमुखांची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. यश मिळालेल्या माणसाचा छंद शोभून दिसतो. यश मिळवावयाचे आहे त्याचा छंद संशयास्पद ठरतो. हा अन्याय आहे, पण तो जुना आहे.

एवढे सगळे बोलून झाल्यावर आम्ही मुलाचा पक्ष सोडला असे त्याच्या वडिलांना वाटले. तसे नाही. दोन गोष्टींत आम्ही पूर्णपणे त्याच्या बाजूचे आहोत.

पहिली म्हणजे, आपले प्रेम कशावर आहे हे नोकरी देणाऱ्याला सांगण्याचे ऋण माणसावर नाही. तो आपले कौशल्य विकतो, वेळ विकतो, काही अंशी निष्ठाही देतो. पण संध्याकाळच्या दिव्याखाली तो काय वाचतो, ही त्याची स्वतःची मिळकत आहे. रकाना छापलेला आहे म्हणून तो हुकूम ठरत नाही. कोरा रकाना म्हणजे असत्य नव्हे. मात्र 'बॅडमिंटन' हे असत्याच्या जवळ जाते; जे नाही ते त्याने लिहिले नाही, पण जे आहे त्याच्यावर पडदा म्हणून दुसरे टांगले. कोरे ठेवावयाचे तर कोरे ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या सल्लागारांनी सुचविलेली दुरुस्ती. 'मोडी वाचन' याचे 'ऐतिहासिक माहितीचे विश्लेषण' करणे म्हणजे केवळ शब्द बदलणे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. आमच्या मते मुलाला ज्याचे भय वाटत होते, ते नेमके त्या दुरुस्तीत होते. छंद सांगितल्याने तो बाटत नाही. सांगण्याजोगा व्हावा म्हणून त्याला वेगळे नाव दिले, की मग त्याला वेगळे वळणही द्यावे लागते. 'विश्लेषण' लिहिले, की विश्लेषण करणे आले. मग एका ओळीवर संध्याकाळ घालविणे परवडत नाही, मग निष्कर्ष हवेत, तक्ते हवेत. सहा महिन्यांनी मोडी उरत नाही, तक्ते उरतात. गिऱ्हाईक पाहून दुकानदाराने भाव बदलू नये, तसेच परीक्षक पाहून आपल्या आवडीचे नाव बदलू नये.

वडिलांच्या बाजूनेही एक बोलले पाहिजे, कारण अशा वादांत त्यांचा पक्ष नेहमी रुक्ष ठरतो. ज्यांच्या कष्टाच्या पैशावर मुलाची रिकामी संध्याकाळ उभी असते, त्यांना त्या संध्याकाळीचा हिशेब विचारण्याचा थोडाफार अधिकार पोचतो. निर्हेतुक वाचन ही मोठी गोष्ट आहे, पण ती कोणाच्या तरी सहेतुक श्रमांवर चालते. या गृहस्थांना स्वतःला सतार शिकावयाची होती, असे त्यांनी आम्हांस एकदा सांगितले होते. पहिली बदली झाली आणि ते राहिले. मुलाला हे ठाऊक नव्हते. त्यांना जे लागले ते मुलगा ऐकत नाही म्हणून नव्हे, तर आपल्याला जे जमले नाही ते मुलाला जमले असता तो ते चार लोकांत सांगावयास लाजतो, म्हणून असावे, असा आमचा तर्क आहे.

अखेरीस बायोडेटात 'मोडी लिपीचे वाचन' एवढे तीन शब्द गेले. बॅडमिंटन गेले, आणि विश्लेषणही. मुलाखती झाल्या. प्रबंधावर पुष्कळ विचारले गेले. बक्षीस बांधून दिल्याने विक्रेत्यांची उमेद कमी होते असे आपण म्हणता, मग आमच्या कंपनीने काय करावे, असा एक खोचक प्रश्नही आला, आणि त्याचे उत्तर त्याने बरे दिले असे ऐकतो. त्या तीन शब्दांविषयी कोणीच काही विचारले नाही. त्याचे हायसे वाटले की वाईट, असे आम्ही त्याला विचारले, तेव्हा थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "काका, दोन्ही." नोकरी लागली आहे, जागा गुरुग्रामच्याच एका कार्यालयात आहे. वडिलांनी गेल्या महिन्यात कोकणातल्या घरातून एक जुना कागद मागवून घेतला. तो मोडीत असून आजोबांच्याही आधीच्या कोणा खरेदीचा असावा, असा त्यांचा समज आहे. दोघे रात्री जेवणानंतर तो घेऊन बसतात. पहिल्या चार ओळी लागल्या आहेत, पाचवीत एक नाव अडले आहे.